दोन बोटं आखूड

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. आज अर्धं बोट आहे. मधल्या दीड बोटाची ही हकीकत, आणि ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो. दुखणेकऱ्याच्या तोंडून धीराच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुसरीकडे जा. मी त्या वर्षात एक दिवसही शहाण्यासारखा वागलो नाही. माणसांना काठीनं मारलं, भांडी फेकली, आईला नको नको ते बोललो.

तरी लिहायला बसलो, कारण हल्ली कुंभकोणात फुटबॉलचं वेड फार वाढलंय आणि दर महिन्याला कुणीतरी लंगडत माझ्या दारात येतं. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा गुडघा सुजलेला. तेच तेच सांगून माझं तोंड दुखतं. आता हे कागद हातात देईन आणि म्हणेन, वाच आणि मग विचार काय विचारायचं ते.

वाळूवरचा सामना

आमचं घराणं तंजावरच्या राजांच्या वेळी इकडे आलं. पुढे राज्य गेलं, इंग्रजांचं सरकार आलं, आणि आम्ही कारकून झालो. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. माझे अप्पा मी बारा वर्षांचा असताना गेले. त्यांच्या मागे घर चालवलं त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे काकांनी. काका कोर्टात नकला उतरवायचे. एकादशीला विठ्ठलाच्या मठात झांज वाजवायचे. सोवळ्याच्या बाबतीत असे कडक, की ओल्या पंचानं चालत असले तर आम्ही भिंतीला चिकटून उभे राहायचो.

फुटबॉल मी कॉलेजात शिकलो, एका गोऱ्या मास्तराकडून. कॉलेज सुटलं, नोकरी लागली, पण खेळ सुटला नाही. चैत्रात कावेरी आटली की पात्रातल्या वाळूत दोन दोन बांबू रोवायचे आणि अनवाणी खेळायचं. मी डाव्या बाजूनं धावायचो. खेळ बरा होता, पण डोकं गरम. समोरच्यानं चेंडू काढून घेतला की मला चेंडू नको व्हायचा, त्याची नडगी हवी असायची.

त्या दिवशी इन्नंबूरचा संघ आला होता. भाताच्या चिखलात चालून चालून ज्यांच्या पोटऱ्या उखळासारख्या झालेल्या, असली शेतकऱ्यांची पोरं. त्यांचा वेलू म्हणून एक गडी मागे उभा राहायचा. मी तीनदा त्याच्या अंगावर गेलो, तिन्ही वेळा त्यानं मला वाळूत लोळवलं. लोक हसले. चौथ्यांदा मी चेंडू घेऊन निसटलो तसा तो मागून आला आणि दोघे एकत्र पडलो. त्याचा गुडघा माझ्या मांडीवर आला. ओला बांबू मोडतो तसा आवाज झाला. मी खाली पाहिलं तर माझं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं.

त्या दिवशी मी खेळायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी अप्पांचं श्राद्ध होतं. करणारा मी, त्यांचा एकुलता एक मुलगा. आदल्या दिवशी एकभुक्त राहून घरात बसायचं असतं. मी मागच्या दारानं पळून गेलो होतो. एका दाराच्या फळीवर घालून मला घरी आणलं तेव्हा काका ओट्यावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आता उद्या मीच बसतो श्राद्धाला. याला माजघरात ठेवा."

श्राद्धाचा दिवस

हाडं बसवणारा वैद्य पट्टीश्वरमचा. भल्या सकाळी निरोप गेला आणि तो चालत आला. त्या वेळी घरात चुली पेटल्या होत्या, आई सोवळ्यात स्वयंपाकाला लागली होती, काका नुकते अंघोळ करून ओल्यानं उभे होते. वैद्य जातीनं वेगळा. एरवी तो ओट्यापर्यंत यायचा. श्राद्धाच्या दिवशी तेवढंही नाही. ब्राह्मणांची पानं उठेपर्यंत घरात बाहेरच्या माणसाचं पाऊल पडायचं नाही, हा आमचा नियम. काकांनी त्याला परसात, विहिरीजवळ उभं केलं.

आमची घरं लांबट. रस्त्यावरून पाहिलं तर पार परसातली केळ दिसते. त्यामुळे वैद्याला मी दिसत होतो आणि मला तो. तो म्हणाला, "सामी, याला उचलून बाहेर आणा. मला हात लावल्याशिवाय कळणार नाही."

श्राद्धाला आलेले चार भाऊबंद मला उचलायला वाकले तेव्हा मी असा किंचाळलो की आईच्या हातून पळी पडली. आमच्याकडे समजूत आहे, श्राद्धाच्या घरात रडण्याचा आवाज झाला तर पितर जेवत नाहीत, दारातूनच उपाशी परत जातात. काका परसाच्या दारापर्यंत गेले. ते म्हणाले, "संध्याकाळी केलं तर?"

"संध्याकाळी मांडी भोपळ्याएवढी होईल. मग मला हाड सापडणार नाही. आणि तोवर हा गप्प बसणार आहे का?"

"मग तू तिथून सांग. मी ओढतो."

हे कुणाला खोटं वाटेल. पण आमच्या घरात त्या क्षणी ते कुणालाही वेड्यासारखं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. सोवळ्यातल्या काकांनी मला शिवायचं तर मीही सोवळ्यात हवा, म्हणून आईनं माझ्यावर कळशीभर गार पाणी ओतलं आणि रेशमी कद गुंडाळला. मी थंडीनं की दुखण्यानं, लटलटा कापत होतो. भाऊबंदांतल्या दोघांनी माझे खांदे धरले. काकांनी घोट्याला दोर गुंडाळला. मग ते माझ्या डोक्याशी आले, त्यांनी पंचाची घडी केली आणि माझ्या तोंडात कोंबली.

"गोपू, आवाज करू नको. अप्पा आज घरात आहेत."

त्यांनी ओढलं. मी पंचा चावला तो दातांतून रक्त येईपर्यंत. परसातून वैद्याचा आवाज येत होता, "इन्नुम्, इन्नुम्." म्हणजे अजून, अजून. छताची एक तुळई मला दिसत होती, तिच्यावर कोळी बसला होता. तिसऱ्या की चौथ्या 'इन्नुम्'ला तो कोळी दिसेनासा झाला. मी जागा झालो तेव्हा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता आणि घरभर वड्यांचा वास सुटला होता.

उभा राहिलो तो दिवस

तीन महिने पाठीवर. आषाढात कामट्या सुटल्या. काकांनी एका बाजूनं आणि शेजारच्या सुब्बरायांनी दुसऱ्या बाजूनं धरून मला उभं केलं. उजवं पाऊल जमिनीवर टेकलं. डाव्याची टाच टेकेना. मला वाटलं, पाय अजून आखडलाय, सवयीनं येईल. सुब्बरायांनी वाकून पाहिलं आणि ते घरी निघून गेले. काकांनी बोटं आडवी धरून टाचेखालचं अंतर मोजलं. दोन बोटं. त्यांचा हात तिथेच राहिला बराच वेळ.

आई म्हणाली, "त्या इन्नंबूरच्या मेल्याचं वाटोळं होवो."

मग घरात आणि गल्लीत हेच वाक्य पक्कं झालं. इन्नंबूरच्या वेलूनं गोपाळरावाचा पाय आखूड केला. मीही तेच म्हणायला लागलो. दिवसातून दहा वेळा म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी त्याचा पाय कसा मोडायचा ते मनात ठरवायचो. काठीनं मोडायचा की दगडानं, पुढून की मागून. दुखण्यात माणसाला काहीतरी धरायला लागतं. कुणी देव धरतं, मी वेलूला धरला.

चालण्याचा अभ्यास

आखूड पायानं चालताना काय होतं ते सांगतो, कारण डॉक्टर हे सांगत नाहीत. दर पावलाला तुम्ही एका खड्ड्यात पडता आणि बाहेर येता. खांदा एका बाजूला जातो, कंबर दुसऱ्या. महिनाभरात आखूड पाय दुखायचा थांबतो आणि चांगला दुखायला लागतो, कारण तो बिचारा दर वेळी गुडघ्यात वाकून दुसऱ्याची उंची गाठत असतो. मग पाठ. मग मान. मग स्वभाव, पण माझा आधीच गेला होता.

बाजारात एका पानवाल्यानं मला 'नोंडी रायर' म्हटलं. नोंडी म्हणजे लंगडा, आणि आम्हा मराठी लोकांना इकडे रायर म्हणतात. मी काठी उगारली आणि त्याच्या टोपलीवर, मग त्याच्या मनगटावर हाणली. पानं चिखलात गेली. लोकांनी मला धरलं नसतं तर मी थांबलो नसतो. घरी येऊन अंथरुणावर पडलो आणि लहान मुलासारखा रडलो, तेही उशी तोंडात धरून, सवयीनं.

चांभारानं मला डाव्या पायाची दोन बोटं जाड चप्पल करून दिली. ती घातली की मी बऱ्यापैकी सरळ चालायचो. पण कातडं घरात न्यायचं नाही. ओट्याच्या पायरीशी ती काढायची आणि उंबऱ्यात पाय टाकला की पुन्हा लंगडा. गावानं मला सरळ चालताना पाहिलं, आईनं कधीच नाही. ती दारातून माझं काढून ठेवणं पाहायची आणि तोंड फिरवायची.

संध्याकाळी मी नदीवर जाऊन बसायचो. खेळता येत नव्हतं, म्हणून खेळणाऱ्यांचे पाय पाहायचो. हळूहळू मला चालणं वाचता यायला लागलं. ओल्या वाळूत पावलं उमटायची, त्यात कुणाची टाच खोल, कुणाचा चवडा. आमच्या गोलवाल्याचा उजवा खांदा कायम खाली असायचा. एक दिवस मी त्याला वाळूवर आडवा केला आणि कमरेच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या गाठीपर्यंत सुतळी धरून दोन्ही पाय मोजले. उजवा अर्धं बोट आखूड. जन्मापासूनच असेल, त्याला पत्ता नव्हता. मग मी सगळ्यांनाच मोजलं. चौघांचा एक पाय थोडा कमी निघाला, आणि नेमकी त्यांचीच कंबर नाहीतर जांघ सारखी धरायची. त्यांना मी चपलेत चामड्याचा तुकडा घालायला लावला. त्यातल्या दोघांचं दुखणं थांबलं. मला त्याचा आनंद झाला नाही, खरं सांगतो. मला वाटलं, यांचं तुकड्यावर भागतंय.

इन्नंबूर

पौषात कापणी सुरू झाली तेव्हा मी बैलगाडी केली आणि इन्नंबूरला गेलो. हातात काठी होती, चांगली कसलेली. आईला सांगितलं, स्वामीमलैला देवाला जातो.

वेलू बांधावरून येत होता, डोक्यावर भाताचा भारा. त्यानं मला पाहिलं नव्हतं. मी त्याला बराच वेळ चालताना पाहिलं. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. तो पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकत होता, म्हणजे गुडघा आतून खलास झालेला असतो. एवढं वाचायला मी आता शिकलो होतो.

मघाशी सामन्याची हकीकत सांगताना मी एक गोष्ट गाळली. तिसऱ्यांदा त्यानं मला लोळवलं तेव्हा मी उठताना चेंडू तिथे नसताना त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली होती, बाजूनं, पूर्ण ताकदीनं. ती कुणी पाहिली नाही. तो तसाच खेळत राहिला. मला वाटलं, लागलं नसेल.

हे सगळं मला बांधावर उभ्या उभ्या कळलं, आणि तरी मी त्याला मारलं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. भारा खाली पडला. तिसरा त्यानं हातात झेलला, काठी हिसकावली आणि मला चिखलात ढकललं. मग माझ्या छातीवर बसून त्यानं माझा गळा धरला. त्याच्या कानातून रक्त माझ्या तोंडावर ठिबकत होतं. कापणीची माणसं विळे घेऊन धावत आली. तेव्हा त्यानं हात काढला, का ते मला अजून ठाऊक नाही.

तो बांधावर बसला आणि धापा टाकत म्हणाला, "सामी, तुमचं हाड मी मोडलं, कबूल. माझा गुडघा तुम्ही मोडलात, आता मी खेळत नाही. फिटलं. पण पाय आखूड मी नाही केला."

"मग कुणी केला?"

"माझा चुलतभाऊ ताडावरून पडला. हेच मांडीचं हाड. याच पट्टीश्वरमच्या वैद्यानं ओढून बसवलं. तो आज पुन्हा ताडावर चढतो. तुमचं कुणी ओढलं?"

"आमच्या काकांनी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुळ्याकडे पाहतात तसं. मग विचारलं, "कुठपर्यंत?"

ते मला ठाऊकच नव्हतं. मी बेशुद्ध होतो. काठी त्याच्या हातात मोडली होती, म्हणून त्यानंच मला खांद्याला धरून गाडीपर्यंत नेलं. त्याचा ताठ पाय आणि माझा आखूड, दोघं मिळून कसे चाललो देव जाणे.

आईनं सांगितलं ते

घरी आलो तो चिखलानं माखलेला. आई ओट्यावर आली. मी विचारलं, "काकांनी कुठपर्यंत ओढलं?"

ती म्हणाली, "आधी अंघोळ कर."

"आई, कुठपर्यंत?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "तू निपचित पडलास. वैद्य ओरडत होता, इन्नुम्, इन्नुम्, बांधू नका, हाडावर हाड आहे. तेवढ्यात ब्राह्मण दारात आले. पाय धुवायचे होते त्यांचे. भाऊजींनी तसंच बांधून टाकलं आणि हात धुऊन गेले."

"आणि तू?"

"मी पाय धुवायला पाणी दिलं."

काका कोर्टातून आले. पायरीशी जोडे काढले. मी खांबाला धरून उभा होतो आणि हातात पितळी तांब्या होता, पाण्यानं भरलेला. मी तो त्यांच्या तोंडावर फेकला. आमच्या गावचे तांबे जड असतात. भुवई उभी फाटली. ते ओट्यावर बसले, रक्त डोळ्यांत गेलं, धोतरावर सांडलं. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. तुमच्या देवानं, तुमच्या सोवळ्यानं, तुमच्या पंचानं माझा पाय खाल्ला. मेलेल्या माणसाला वडा वेळेवर मिळावा म्हणून जित्याला लंगडा केलात. अजून बरंच, ते कागदावर येत नाही. त्यांनी एकदाही हात वर केला नाही.

ते मला शेवटी एवढंच म्हणाले, "नऊ महिने झाले. रोज तुला सांगावंसं वाटायचं. तू वेलूचं नाव घ्यायचास आणि मी गप्प बसायचो."

दुसऱ्या दिवशी भुवईला पट्टी बांधून ते कोर्टात न जाता आगगाडीनं तंजावरला गेले. तिथल्या सरकारी इस्पितळात हाडांचं काम करणारा डॉक्टर कोण, ते विचारून आले.

पुन्हा मोडायचं

डॉक्टर तमिळ होते, कोरडे, कमी बोलणारे. फितीनं मोजलं, दोन्ही पाय, दोन दोनदा. मग म्हणाले, "हाडावर हाड चढून जुळलंय. पुन्हा मोडावं लागेल. मग वजन लावून महिना दीड महिना ओढत ठेवायचं. जमेल असं नाही. जखम पिकली तर पाय जाईल, कदाचित तुम्हीही."

काकांनी विचारलं, "ओढणार कोण?"

"वजन ओढेल. वजनाला घाई नसते."

डॉक्टरांना काही ठाऊक नव्हतं, ते सहज बोलले होते.

मी हो म्हटलं. धैर्यानं नव्हे, रागानं. आई आडवी आली, म्हणाली, दोन बोटांसाठी जीव घालवतोस का. मी म्हटलं, तुझं पाणी देऊन झालंय, आता गप्प बस. या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

मोडलं तेव्हा मी क्लोरोफॉर्मखाली होतो. पण दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाचं चाललं होतं तेव्हा दाराआडून हातोडीचा आवाज ऐकला, सुताराच्या दुकानातला असतो तसाच.

मग खाट. पायथ्याखाली विटा घालून ती उंच केलेली. गुडघ्याच्या खालपर्यंत पायाला चिकटपट्ट्या, त्यांना दोर, दोर कप्पीवरून खाली, आणि खाली विटांची पिशवी. रात्रंदिवस कुणीतरी पाय उपटून न्यायला टपलेलं असावं तसं वाटायचं. सकाळी आया फडकं मारायला यायची, मग तांदळाची पेज, मग डॉक्टर येऊन मोजायचे आणि कधी कधी एक वीट वाढवायचे. मी त्या विटेला शिव्या द्यायचो, आयेला द्यायचो. तिचं नाव मरियम्मा. ती मला दुप्पट द्यायची, आणि मग पट्टीखाली खाज सुटली की वाळ्याची काडी घालून नेमकं तिथं खाजवायची. त्या दिवसांत मला जे काही सुख मिळालं ते त्या काडीचं.

सोबतीला काका राहिले. रजा काढून आले. पहिले चार दिवस बाहेर चिंचेखाली तीन दगडांवर स्वतःपुरता भात शिजवायचे. मी हाक मारली की अर्ध्या शिजल्या भातावरून उठून यायचे. पाचव्या दिवशी त्यांनी दगड फेकून दिले आणि इस्पितळाची पेज प्यायला लागले, कुणी शिजवली ते न विचारता. माझ्या खाटेखाली झोपायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. वजन काढा, एवढंच सांगायचो. ते काढत नव्हते.

चैत्रातली तीच तिथी

तिसऱ्या आठवड्यात अप्पांची तिथी आली. मला वाटलं, काका आदल्या दिवशी कुंभकोणाला जातील. मीच विचारलं, किती दिवसांनी पहिल्यांदा, "तुम्ही गेला नाहीत?"

"अमावास्येला करू. शास्त्रात सोय आहे. अण्णा थांबेल, माझा भाऊ आहे तो."

सकाळी नऊच्या सुमाराला दोर तुटला. विटा धाडकन जमिनीवर आदळल्या आणि ताणलेली मांडी आपोआप आत ओढली गेली, हाड हाडावर चढू पाहत होतं. मी खाटेवर उसळलो. कंपाउंडर धावत आला. डॉक्टर एका बाईच्या शस्त्रक्रियेत अडकलेले, नवा दोर कोठारात, कोठाराची किल्ली दुसऱ्याच माणसाकडे. तो म्हणाला, "तोवर कुणीतरी ओढून धरायला हवं. सोडलं तर तीन आठवडे फुकट गेले."

काका खाली बसले. दोन्ही पाय खाटेच्या पायांना रेटून लावले, तुटक्या दोराचं टोक दोन्ही तळव्यांना गुंडाळलं आणि मागे झुकले.

मला पुढचं सगळं आठवतं, या वेळी मी बेशुद्ध झालो नाही. मी त्यांना सोडा म्हटलं. मग सोड म्हटलं. मग त्यांच्या आईवरून शिवी दिली, जी माझी आजी होती. उजवा पाय मोकळा होता, तो मी त्यांच्या तोंडावर मारला, टाच नाकावर बसली, भुवईची जुनी खूण पुन्हा फुटली. ते हलले, पण दोर हलला नाही. दोर त्यांच्या तळव्यात रुतत होता आणि मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. दहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजायला आले, म्हणजे घरी ब्राह्मणांची पानं मांडायची वेळ.

तेव्हा मला आत आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, आणि किंचाळी गळ्यापर्यंत आली. मी काय केलं, तर उशीचं टोक तोंडात घातलं. न विचार करता, आपसूक.

काकांनी ते पाहिलं. त्यांचा हात मोकळा नव्हता. मरियम्माला म्हणाले, "ती उशी काढ त्याच्या तोंडातून."

तिनं काढली.

"ओरड गोपू," काका म्हणाले, नाकातलं रक्त गिळत. "आज घरात कुणी जेवायला बसलेलं नाही. ओरड."

मग मी ओरडलो. त्या दिवसाचं आणि मागच्या वर्षाचंही.